रेवदंड्याला नेलेला यहुदी

मला पाण्याची भीती वाटते हे आधीच सांगून टाकतो. नदीसुद्धा काठावरून, आणि शक्यतो पुलाच्या पुण्याकडच्या टोकावरून पाहावी, अशा मताचा मी माणूस. त्यामुळे रेवदंड्याच्या शाळेच्या हेडमास्तरांचे पत्र आले आणि त्यात 'मुंबईहून लाँचने रेवस, पुढे अलिबागवरून गाडीरस्ता' असा मार्ग वाचला, तेव्हा पहिला विचार नकार कळवण्याचा आला. पण शाळेचे छप्पर पडले होते, मदतीचा कार्यक्रम होता, आणि पत्रात शेवटी लिहिले होते : 'आपला यहुदी अवश्य आणावा. इकडे त्याची फार कीर्ती आहे.' कलावंताची पाठ अशी थोपटली की तो समुद्रातसुद्धा उतरतो.

मी जन्माने शिंपी आणि धंद्याने नकलाकार. बोलपट अजून आले नव्हते आणि तीन तास एकट्याने लोकांना हसवणाऱ्या माणसाला गावोगाव बोलावणी असत. माझ्या पत्र्याच्या पेटीत सगळा हिंदुस्थान होता : मारवाड्याची पगडी, मद्रास्याचे उपरणे, बोहऱ्याची टोपी, हबशासाठी काजळाची डबी. आणि सर्वांत वर, फडक्यात गुंडाळलेली यहुद्याची दाढी. नाक मात्र मी प्रत्येक वेळी कणकेचे ताजे करी. हा यहुदी हात चोळत, नाकातून बोलत मुलीचे लग्न लावी आणि जेवणावळीत पाहुण्यांच्या पानात एकेक कोळंबी मोजून वाढी. 'सोलून खाल्लीत तर साल परत द्या!' या वाक्याला पुण्यात लोक खुर्चीवरून पडत. मी स्वतः जन्मात एकही यहुदी पाहिला नव्हता. नाटकातला एक पारशी, कुठल्याशा पुस्तकातले एक चित्र आणि आमच्या गल्लीतला एक चिकट दुकानदार यांची मोट बांधून मी तो तयार केला होता. त्यात काही वावगे आहे असे मलाही कधी वाटले नाही आणि लोकांनाही नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली. हवा स्वच्छ, समुद्र शांत, असे सगळे म्हणत होते. मी डोळे मिटून पेटीवर बसलो होतो. शेजारची कोळीण मधूनमधून मला धीर देत होती. "उगर डोले, दादा. दरया काय खात न्हाय तुला." मी डोळे उघडले, पाणी पाहिले आणि पुन्हा मिटले.

रेवसला ओहोटी लागली होती. लाँच दूर थांबली आणि आम्हाला पडावात (किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीत) उतरवले. पडावही चिखलात रुतला, तेव्हा लोक धोतरे खोचून सरळ उतरून चालू लागले. मी पेटी डोक्यावर घेऊन पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. दुसरा टाकला तो मांडीपर्यंत. मग पेटी गेली, आणि तिच्या मागोमाग मी.

मला बगलेत धरून वर काढले ते एका पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या माणसाने. मला बांधावर उभे करून तो पुन्हा चिखलात उतरला आणि कोपरापर्यंत हात घालून त्याने माझी पेटी शोधून काढली. "पेटी जड हाय," तो म्हणाला. "काय हाय ह्यात?"

"माणसं आहेत," मी दात वाजत असतानाही धंद्याचे बोललो. तो मोठ्याने हसला, आणि मला एकदम बरे वाटले.

त्याचे नाव समाजी. रेवदंड्यात त्याचा तेलाचा घाणा होता. मुंबईला जाणारे खोबरेलाचे डबे लाँचवर चढवायला तो आला होता आणि रिकामा छकडा घेऊन परत निघाला होता. हेडमास्तरांनी माझी सोय देवळाच्या धर्मशाळेत केली होती; पण माझे भिजलेले ध्यान पाहून समाजी म्हणाला, "धरमशालेत गार फरशीवर मरशीला. आमच्या घरी चला."

वाटेत मी जात विचारली. त्या काळात सगळेच विचारत. "तेली," तो म्हणाला. "शनवार तेली म्हनत्यात. शनवारी आमचा घाना बंद असतो."

मी लगेच ज्ञान पाजळले. "बरोबर आहे. शनीला तेल वाहतात. शनिवारी तेल्याने घाणा धरू नये, शनिमहाराजांचा कोप होतो. आमच्या देशावरही मानतात."

समाजीने माझ्याकडे पाहिले, बैलांकडे पाहिले, आणि म्हणाला, "तसं म्हना."

अलिबाग, नागाव, चौल करीत दिवेलागणीला आम्ही रेवदंड्याला पोहोचलो. माडांच्या आणि सुपारीच्या वाड्यांतून रस्ता इतका अरुंद की दोन्ही बाजूंच्या पानांनी माझी टोपी दोनदा काढली. जुन्या फिरंगी तटाची काळी भिंत उजवीकडे आली आणि तिच्या पलीकडे पुन्हा तो समुद्राचा आवाज. रात्रभर तो उशाशी राहणार होता. पण समाजीची आई दारात उभी होती. सत्तरीची, ठेंगणी, नऊवारी लुगडे, कपाळावर कुंकू नाही, म्हणून विधवा असावी असे मी ठरवले. तिला सगळा गाव सारूबाय म्हणे. तिने माझे चिखलाचे कपडे पाहून "अगं बया, ह्यो रेड्यावानी लोळला कुठं?" एवढेच विचारले, ऊन पाण्याची घागर दिली आणि पुढ्यात भात, नारळाच्या रसातली माशाची आमटी आणि तांदळाची भाकरी ठेवली. तेल्याच्या घरी शिंप्याने जेवायला हरकत नव्हती. असती तरी मी जेवलो असतो.

शुक्रवारी सकाळी, उपकाराची थोडी फेड करावी म्हणून मी किनाऱ्यावर जाऊन कोळणीकडून टोपलीभर कोळंबी आणली. सारूबायने टोपलीत डोकावून पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "पावनं, वाईट मानू नका," समाजी घाईने मला म्हणाला. "आमच्यात खवल्याचीच मासली चालते. बाकीची न्हाय." टोपली शेजारच्या वाडीत गेली. मी मनात म्हटले, हेही शनीचेच असणार. घरात देवाची एकही तसबीर नव्हती, तेव्हा ही माणसे सुधारक असावीत असे धरले. दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी ठोकलेली होती आणि जाता-येता सगळे तिला बोट लावून बोट ओठांना नेत. तो कुणा फकिराचा ताईत असावा असे धरले. मी घरी पत्रात हे सगळे व्यवस्थित लिहिले. इतक्या थोड्या वेळात इतके चुकीचे लिहिणे मला पुन्हा साधलेले नाही.

दुपारी पेटी उघडली तर आत चिखलाचे पाणी. पगड्या, टोप्या, उपरणी मी घाण्याच्या पडवीत वाळत घातली. दाढीचा तर नुसता गोळा झाला होता. सारूबायने तो माझ्या हातातून घेतला.

"कुनाची दाढी ही?"

"एका म्हाताऱ्याची," मी म्हटले. "नकलेतल्या."

"म्हाताऱ्याची दाढी अशी ठेवतात काय?" ती पायरीवर बसली, तळहातावर घाण्याचे ताजे खोबरेल घेतले आणि केस न् केस मोकळा करत तास-दीड तास ती दाढी विंचरत राहिली. तिने आयुष्यात नकला पाहिल्या नव्हत्या. शनिवारी चांदण्या उगवल्या की मुलाबरोबर शाळेत येणार आहे, हे तिने मला तीन वेळा सांगितले. चांदण्या उगवल्यावरच का, हे मी विचारले नाही.

त्या संध्याकाळी सूर्य तटाआड जाण्याआधी घाणा थांबला. बैलाच्या डोळ्यांवरची झापड निघाली. सगळ्यांनी आंघोळी केल्या. सारूबायने वरून टांगलेल्या काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल ओतून वात लावली, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि काही पुटपुटली. समाजीने डोक्यावर टोपी घातली आणि एक जाड, उजवीकडून उघडणारे पुस्तक घेऊन म्हणायला सुरुवात केली. मला त्यातला एक शब्द कळेना.

"हे स्तोत्र कुठलं?" संपल्यावर, जेवायला बसलो तेव्हा मी विचारले. "संस्कृत वाटत नाही."

"हिब्रू हाय. आमी बेने इस्राएल." माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही हे पाहून त्याने सोपे करून सांगितले, "तुमच्या पुन्या-मुंबैकडं यहुदी म्हनत्यात ना, ते."

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला.

"आमचं मूळ मानूस बोट फुटून हितं नवगावच्या किनाऱ्याला लागलं," समाजी सांगत होता. "किती पिढ्या झाल्या, मोजदाद न्हाय. शनवारी आमी काम करीत न्हाय, आमचा बैलबी करीत न्हाय."

"पण शनीचं...?"

"ते तुमी म्हनालात."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी चिखलातनं आल्यालं, थंडीनं कुडकुडत व्हता. म्हटलं, कशाला उगीच पावन्याला खोटं पाडा."

पडवीत, तेल लावून विंचरलेली ती दाढी दोरीवर लटकत होती. ज्या माणसाने मला बगलेत धरून चिखलातून काढले, त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवून मला उद्या दाखवायचे होते की तुम्ही असे असता : हात चोळणारे, नाकातून बोलणारे, कोळंबीची साल परत मागणारे. माझ्या पाचावर धारण बसली. रेवसच्या चिखलात बसली नव्हती तेवढी.

शनिवार मी चौलात काढला. समाजी आणि सारूबाय प्रार्थनेला गेले होते, घरात चूल पेटणार नव्हती, आणि मला त्या घरात बसवेना. चौल पाहण्यासारखे आहे असे सगळे सांगतात. मी रामेश्वराचे देऊळ पाहिले, पुष्करणी पाहिली, वाड्यांमधले पाट पाहिले, पण विचाराल तर त्यातले काही मला आज आठवत नाही. मी मनातल्या मनात पेटी उघडून बसलो होतो. यहुद्याऐवजी मारवाडी करावा! तीच जेवणावळ, फक्त पगडी बदलायची. मग आठवले की कार्यक्रमाची गॅसबत्ती रेवदंड्याच्या मारवाडी दुकानदाराने दिली आहे आणि तो पहिल्या रांगेत बसणार आहे. मद्रासी करावा, तर गावचा पोस्टमास्तर त्याच मुलखाचा. बोहरी? सुपारीचा व्यापारी बोहरी होता. हबशी? खाडीपलीकडे जंजिऱ्याची हद्द, तिकडचे चार लोक होडीने येणार होते. पुष्करणीच्या पायरीवर बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आले की माझ्या पेटीतला प्रत्येक माणूस, तो समोर बसलेला नसतानाच हसवतो. हा शोध मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी लागला, आणि तोही कार्यक्रमाला पाच तास असताना.

तसाच मी हेडमास्तरांकडे गेलो. ते सज्जन गृहस्थ होते. फळीवर चढून स्वतः पताका लावत होते.

"यहुदी गाळावा म्हणतो," मी म्हणालो.

ते फळीवरून उतरलेच. "गाळता? अहो, हस्तपत्रकात छापलंय. अलिबागहून मामलेदारसाहेब येताहेत ते त्याच्यासाठी!"

"पण इथे समाजी आहेत. त्यांचे लोक आहेत. त्यांना वाईट वाटेल."

हेडमास्तर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग खो खो हसले. "समाजी तेली? त्याला काय वाईट वाटायचंय? तो आपला गावातला माणूस. तो कुठे यहुदी! यहुदी म्हणजे तुम्ही करता तो."

मी खाली पडलेली पताका उचलून त्यांच्या हातात दिली आणि निघालो.

आता एकच मार्ग उरला होता : समाजीला आधी सांगून टाकणे. दिवस मावळताना मी घरी आलो. सारूबाय अंगणात मान वर करून उभी होती. नवे लुगडे नेसली होती. "एक दिसली," ती म्हणाली. "दोन दिसल्या. तिसरी उगवली की सुटलो."

"समाजी," मी त्याला बाजूला घेतले, "आज नाही आलात तरी चालेल."

"का?"

"थंडी आहे. सारूबायना त्रास होईल."

"आई दोन दिस वाट बघतीय," तो म्हणाला. "आनि आमालाबी बघू द्या की तुमची मानसं."

एवढ्यात सारूबायला तिसरी चांदणी दिसली आणि ती लहान मुलीसारखी टाळी वाजवून आत गेली. मी पेटी उचलून शाळेकडे निघालो.

शाळेच्या पटांगणात गाव लोटला होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या, डाव्या बाजूला बाया. समाजीच्या जातीची पंधरावीस माणसे एकत्र बसली होती. सारूबायला गुडघ्यांमुळे कुणीतरी पुढे, समाजीशेजारी खुर्ची दिली होती. ती थेट माझ्या समोर आली. सुरुवातीला मी निरुपद्रवी नकला केल्या : रडणारे मूल, घोरणारा कीर्तनकार, बिघडलेला ग्रामोफोन. सगळ्यांत मोठ्याने सारूबाय हसत होती. अर्ध्या तासाने साहेबांनी खुर्चीवर काठी आपटली. "यहुदी येऊ द्या!" मागून शंभर तोंडांनी तेच उचलले.

पडद्याआड मी कणकेचे नाक लावले. ते तिरपे बसले. दाढीला खोबरेलाचा वास येत होता.

मी हात चोळत बाहेर आलो आणि पटांगणात हशा कोसळला. लग्नाची बोलणी झाली, वऱ्हाड जेवायला बसले. मी एका अदृश्य पानात एक अदृश्य कोळंबी ठेवली आणि नाकातून म्हणालो, "एक घ्या, पण सावकाश घ्या." हशा ओसरला, आणि त्या शांततेत सारूबायचा खणखणीत आवाज आला.

"समा, ह्यो कोन रे?"

तिने पुन्हा विचारले.

"यहुदी, आई."

"म्हंजी?"

"म्हंजी आपुन."

"आपुन?" ती हसली. मनापासून हसली. "चल! आपुन कोलंबी कवा खाल्ली?"

सगळे पटांगण हसले. नकलेच्या आयुष्यात माझ्यावर असे कुणी हसले नव्हते. माझ्या पात्रावर नव्हे, माझ्यावर. सारूबायला रंग चढला. "काय हो, तुमच्या ह्या शेठच्या घरी शुक्रवारचा दिवा कुठं हाय? दाराला हात लावून आत न्हाय आला तो? आनि डोकं उघडं ठेवून जेवाया बसलाय!" प्रत्येक प्रश्नाला हशा. घामाने कणीक सैल होऊन नाक खाली सरकू लागले होते. मग तिचे हसू हळूहळू थांबले. तिने माझ्याकडे नीट पाहिले, दाढीकडे पाहिले, आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "तुमी आमच्या घरात ऱ्हायलात. आमाला बघितलं न्हाय व्हय?"

मी नकलाकार. बघणे हा माझा धंदा. मी तिथे दाढी काढून 'चुकलो' म्हणालो असतो तर ती रात्र वेगळी झाली असती. मी तोंड उघडलेही होते.

"म्हातारीला गप्प बसवा!" साहेब ओरडले. "पुढे चालू द्या!" हेडमास्तर विंगेतून हात जोडत होते. आणि मी नाक वर सरकवले, हात चोळले आणि म्हणालो, "सोलून खाल्लीत तर साल परत द्या!"

त्या वाक्याला इतका हशा मला पुण्यातही मिळाला नव्हता. मारवाडी हसला, पोस्टमास्तर हसला, बोहरी डोळे पुसत होता. प्रत्येकाला आपली पाळी नसल्याचा आनंद झाला होता, असे आता वाटते. समाजी-सारूबायकडे मी शेवटपर्यंत पाहिले नाही. टाळ्या थांबल्यावर एकट्या समाजीची टाळी थोडी उशिरा थांबली. पाहुण्याचा मान म्हणून तो वाजवत होता.

घरी परतलो. मी अंथरुणात शिरलो आणि समुद्राचा आवाज ऐकत पडलो. त्याची भीती मात्र त्या दिवशी वाटली नाही.

रविवारी सकाळी घाणा पुन्हा सुरू झाला. मी पेटी बांधत होतो. गिऱ्हाइके यायला लागली, त्यांत एक वाडीवाले होते, चाळीस वर्षे याच घरातून तेल नेणारे. त्यांनी बाटली पुढे केली, हात चोळले आणि नाकातून म्हणाले, "एक घ्या, पण सावकाश घ्या! काय शेठ, मोजून घालता ना थेंब?"

मला त्यांची नक्कल ऐकून धसका बसला, कारण ती उत्तम होती. स्वर, मान, बोटे, सगळे माझे. आदल्या दिवसापर्यंत या गावात असा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. वाडीवाल्यांच्या मनात काही वाईट नव्हते. ते हसत होते, समाजीही हसला. मग त्याने माप भरून तेल ओतले. मापावर एक पळी फुकट घालायची त्या घरची जुनी रीत होती. समाजीने एक पळी घातली. थोडा थांबला. मग दुसरी घातली.

पुढच्या गिऱ्हाइकाने काहीच म्हटले नव्हते. त्यालाही त्याने दोन पळ्या घातल्या.

सारूबायने मला वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. पाया पडलो तेव्हा तिने पाठीवर हात ठेवला, पण पुन्हा या असे म्हणाली नाही. ते तिच्या लक्षात राहिले नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

छकड्यात नागाव ओलांडेपर्यंत मी शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "समाजी, खरं सांगतो, मला माहीत नव्हतं."

त्याने बैलांवरची नजर काढली नाही. "गुरवारी माहीत नव्हतं," तो म्हणाला. "शनवारी व्हतं."

मग नेहमीच्या आवाजात, "धरून बसा. फुडं खड्डा हाय."

रेवसला पुन्हा ओहोटीच होती. मी नको नको म्हणत असताना त्याने माझी पेटी खांद्यावर घेतली, चिखलातून पडावापर्यंत नेली, कोरडी आत ठेवली आणि मागे वळून न पाहता परत गेला. लाँच सुटली. मी सगळा वेळ डोळे उघडे ठेवून किनारा दिसेनासा होईपर्यंत बघत बसलो.

पुण्यात आल्यावर तो यहुदी मी पुन्हा केला नाही. पाठोपाठ मारवाडी गेला, हबशी गेला, आणि कार्यक्रम तीन तासांचा दीड तासावर आला. मित्र विचारत, "काय, विनोद आटला का?" मी हो म्हणत असे. निम्मे खरेच होते. आपण काहीतरी मोठा त्याग केला असे मला अधूनमधून वाटायचेही. ते वाटणे फार दिवस टिकले नाही.

दोनेक वर्षांनी लकडीपुलावर अलिबागकडचे एक वकील भेटले. ओळख पटताच त्यांनी भर रस्त्यात माझा हात धरला. "अहो, आमच्या रेवदंड्यात तुम्ही अजरामर झालात! तो समाजी तेली आहे ना, त्याला आता तेली कुणी म्हणतच नाही. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे 'यहुदीशेठ' म्हणतात, आणि तेही हुबेहूब तुमच्या आवाजात."

"आणि ते काय म्हणतात?" मी विचारले.

"कोण, समाजी? तो काय म्हणणार! हसतो," वकील म्हणाले. "फार भला माणूस."